मुक्ता रडली नाही, असं मी लिहिलं होतं

मंगळवार, संध्याकाळ. सरोजिनी नगर.

आज मी लिहितोय त्या पुस्तकातलं सुनीताच्या जाण्याचं प्रकरण मुक्ताला वाचून दाखवलं. बारा वर्षांची झाली, तिच्याच आईबद्दल आहे, तिला विचारायला नको? त्यात मी लिहिलंय की आई गेल्यावर मुक्ता रडली नाही, उलट तिनेच मला सावरलं.

ती म्हणाली, "बाबा, ये गलत है. मी रडायचे. बाथरूममध्ये, नळ सोडून."

तो नळ मला आठवतो. वाटायचं, पोर किती नीट अंघोळ करते.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू पण रडला असतास. मग जेवण कोणी बनवलं असतं?"

म्हणजे नळ वाहत होता तेव्हा मी पलीकडे कणीक मळत होतो. आणि दुःखावर पुस्तक कोण लिहितंय, तर मी!

ते वाक्य काढतो म्हणालो.

"रहने दो. वाचायला छान वाटतं."

"आता नाही ना रडत?"

"कधी कधी. तू लिहायला बसतोस तेव्हा."

मग लॅपटॉप मिटला. दोघांनी मिळून खिचडी लावली. कुकरची शिट्टी होईपर्यंत ओट्याशी उभे होतो.