अंड्यांजवळची काठी

बाबा, तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येत नाही, त्यामुळे आपल्या दोघांत पत्राचा विषय कधी निघालाच नाही. आता मधे माझी नात आहे. मी सांगते, ती लिहिते. मी बोलते आपल्या बोलीत आणि ती उतरवते शाळेच्या मराठीत, तिच्या हाताला वळणच तसं लागलंय. पण माणसं जिथं बोलली तिथं एक शब्द बदलायचा नाही, असं मी तिला बजावलंय. ती म्हणाली, "आजी, मी कोणाचंच बोलणं बदलत नाई." ते खरं आहे. गोष्टही त्याचीच आहे.

तुझी ही पणती व्हिडिओ काढते. पाखरं, खेकडे, पाणसाप, जे दिसेल ते लांबून टिपते आणि मोबाईलवरून जगाला दाखवते. जगाला मात्र वाघ हवा असतो. चंद्रपूरकडे पोरं जिपा घेऊन वाघाच्या तोंडापुढे उभी राहतात आणि घाबरल्याचं सोंग करून व्हिडिओ टाकतात, ते लाखो लोक बघतात म्हणे. हिच्या खेकड्याला बघायला गावातलीच माणसं, आणि काही लांबची, ज्यांना दुसरं काम नसावं. तिचे नियम तर तुझ्या वरताण. पाखराजवळ जायचं नाही. त्याला बोलवायला खोटी शीळ वाजवायची नाही. जागा कोणाला सांगायची नाही. आपल्या तलावाच्या पाळीशेजारून आता सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीकडचे ट्रक धडधडत जातात, तो आवाजही ती व्हिडिओतून काढून टाकत नाही. लोक म्हणतात, ट्रकचा आवाज काढून टाका, गाणं लावा. ही म्हणते, "ट्रक तिथी होता ना? मंग राहू दे."

या श्रावणात आपल्या तलावात, शिंगाड्याच्या वेलावर, त्या लांब शेपटीच्या पाखरानं अंडी घातली. ही त्याला कमळपक्षी म्हणते. आपण काय म्हणायचो ते मला आठवेना, बहुतेक काहीच म्हणत नसू, "ते पानावर चालनारं" म्हणत असू. तुला आठवतंय ना, यांच्यात बाई अंडी घालते आणि दुसरा संसार मांडायला निघून जाते, नर बिचारा अंड्यांवर बसतो, पिल्लं पंखाखाली उचलून हिंडतो. आई बाजारात मासोळ्या विकायला गेली की तू आम्हां भावंडांना डोंग्यात घालून तलावात न्यायचास. आई तुला म्हणायची, "तुमी त्या पाखराचेच भाऊ." तू हसायचास, पण चुलीवरचं कालवण बघायला उठायचासही तूच.

असाच एक दिवस आहे. आपण शिंगाड्यातलं गवत काढतो आहोत. डोंगा एका वेलाजवळ जातो आणि तो नर पाण्यावर पंख आपटत लंगडत पळतो, जणू आता मेलाच. मी अंडी बघायला हात पुढं करते. तू माझ्या हातावर चापट मारतोस. "नाटक करून राह्यला बिचारा. जेवढा येळ आपन थांबू तेवढा येळ त्याले नाटक कराव लागते. चाल." मला वाटतं, एवढं छान नाटक फुकट दाखवतोय तर बघायला काय जातं. तू डोंगा वळवतोस, जाताना त्या जागेच्या जरा अलीकडे एक काडी खोचून तिला चिंधी बांधतोस, की दुसऱ्या कोणाचा डोंगा तिथं जाऊ नये. ती काडी किती बारकी असायची! लव्हाळ्याची, वाऱ्यानंही वाकणारी. आई त्यावरून तुला चिक्कू म्हणायची. घरात बांबू पडलेत आणि हा माणूस गवताची काडी खोचून येतो.

तर यंदा गवत काढायला बाया उतरणार होत्या. नात पाळीवरच्या बेशरमाच्या झुडपामागे कॅमेरा लावून बसलेली. तिनं अंड्यांचा व्हिडिओ टाकला होता आणि बघणाऱ्यांना म्हटलं होतं, पिल्लं निघतील तेव्हा दाखवीन. मला काळजी की डोंगे त्या वेलावरून जातील. मी तिला तुझी रीत सांगितली. आणि तुझ्यापेक्षा शहाणी म्हणून, काडी नको, घरचा चांगला जाड बांबू घेऊन जा म्हटलं, अंड्यांच्या अगदी जवळ खोच म्हटलं, आंधळ्यालाही दिसला पाहिजे. ती आधी का कू करत होती. "आजी, मी जवळ जात नाई." मी म्हटलं, "माह्या बापानं जन्मभर लावल्या, तू मोठी शहानी आली." ती एकदाच डोंग्यातून गेली आणि बांबू रोवून आली. बायांचे डोंगे वळसा घालून गेले. मी पाळीवर बसून स्वतःवर खूश होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बांबूवर कावळा येऊन बसला. लव्हाळ्यावर कधी कावळा बसला असता का? वाकली असती काडी. बांबू कशाला वाकतो. तिथून त्याला खालची अंडी ताटात वाढल्यासारखी दिसली. नरानं पंख आपटले, लंगडून दाखवलं, सगळं केलं. कावळ्याला नाटक बघायचं नव्हतं. एकेक करून त्यानं सगळी अंडी नेली. कॅमेरा चालूच होता.

त्याआधीच एका मोठ्या चॅनेलवाल्याचा नागपूरहून फोन आला होता. पिल्लांपर्यंतचा व्हिडिओ चांगला झाला तर तो हिला कामावर घेणार होता, जंगल फिरून कॅमेरा चालवायचं काम. हेच तर तिला हवं होतं. आता त्यानं पुन्हा विचारलं तर तिनं झालं ते सांगितलं. फोन मोठ्यानं चालू होता, मी ऐकत होते. तो म्हणाला, "अरे ताई, टेन्शन काऊन घेता? दुसऱ्या तलावातले पिल्लं जोडून द्या ना. पाखरू सेम, पानी सेम. कोनाले समजते?" हिच्याकडे गेल्या साली टिपलेली पिल्लं होती, बापाच्या पंखाखालून लोंबणारे लांब पाय, फार गोड. ही म्हणाली, विचार करते.

मी चुलीजवळ बसून तांदूळ निवडत होते. मीही म्हटलं, "जोडून दे वं. त्यायचे पिल्लं काय खोटे हायेत?"

"पिल्लं खरे हायेत आजी. पन ह्या बापाचे नाईत."

"लोकायले आनंद होते."

"अन् उद्या कोनी माह्यासारखीच अंड्याजवळ बांबू खोचून येईन, अन् म्हनंन, पाहा, पिल्लं निंगतेत."

मी तांदळात खडे शोधत राहिले. पोरीनं जेवणही धड केलं नाही, पण संध्याकाळपर्यंत व्हिडिओ तयार केला. त्यात सगळं आहे. नर अंड्यांवर बसलेला, बांबू, डोंगे, कावळा, ट्रकचा आवाज. कावळ्याला तिनं वाईट केलं नाही, भीतीचं वाजवणंही लावलं नाही. शेवटी तिचा आवाज येतो, की काठी मी लावली, इतक्या जवळ जायला नको होतं, अंडी माझ्यामुळे गेली. नागपूरवाल्याचा पुन्हा फोन आला नाही. ती अजून गावातच आहे, सोयाबीनच्या निंदणाला जाते आणि उरलेल्या वेळात खेकडे टिपते.

खाली लोकांनी काय लिहिलं ते तिनं मला वाचून दाखवलं. काहींनी शाबासकी दिली. एकानं लिहिलं, तुमच्यासारख्यांना तलावात उतरूच देऊ नये. मला राग आला. मी विचारलं, "माहं नाव काऊन नाई घेतलं? बांबू तर म्या देल्ला."

ती म्हणाली, "देल्ला तू. लावला म्या. कॅमेरा माहा होता."

बाबा, मी मोठ्या तोंडानं विचारलं खरं, पण तिनं नाव घेतलं नाही याचं मला बरं वाटलं. गावातल्या बाया तो व्हिडिओ बघतात, आणि तलावाच्या गोष्टीत अजून मला विचारतात. ही बरं वाटल्याची गोष्ट आतापर्यंत मी कोणाला सांगितली नव्हती. नातीलाही आत्ताच कळते आहे, लिहिता लिहिता. तिनं हात थांबवून विचारलं, "हे ठेवू का काढू?"

ठेव म्हटलं. आणि पत्र पेटीत टाक, माझ्या लुगड्यांच्या खाली. कोणाला दाखवू नको.