४४७१ ची ओळ

सोमवार, ६ जानेवारी

बारा दिवस झाले! मिरजेच्या दवाखान्यात माझ्या मानेच्या गाठीचा तुकडा काढून घेतला, चार दिवसांत रिपोर्ट मोबाईलवर येईल म्हणाले. कुठाय? शेजारच्या साळूबाईचा दोन दिवसांत आला. नुसतं पित्त हाय म्हणून आमच्या पिठाच्या गिरणीवर मिरवून गेली. दवाखान्यात फोन लावला तर तिथली बाई म्हणती, आमच्याकडनं गेलाय. गेलाय तर वाटंत कुणी गिळला?

आणि ती वाट आमच्याच घरातनं जाती! आमची सून शिवांजली घरात बसून त्याच कंपनीचं काम करती — दवाखान्यांचे रिपोर्ट लोकांच्या मोबाईलवर पोचवायचं. म्हटलं, बघ की माझा. तर म्हणती, आत डोकवायला परवानगी न्हाई, कोण काय उघडतंय त्याची नावानिशी नोंद होती. जशी काय सोन्याची पेटीच.

बुधवार, ८ जानेवारी

चहा घेऊन वर तिच्या खोलीत गेले. तिच्या कॉम्प्युटरवर ना चित्र, ना रंग. काळा पडदा आणि इंग्रजी ओळी. माऊसबी न्हाई. ज्या पानावर लिहिती त्याच पानावरनं रिपोर्टांची सगळी लाईन हाकती. पासवर्ड त्या पानावर लिहायचा न्हाई म्हणं. ती पासवर्डाची किल्ली वेगळी, कुलपात. तीबी महिन्याला बदलायची.

एक मात्र झ्याक समजावलं. रिपोर्टाचे निरोप म्हंजे आपल्या गिरणीतले डबे. एक उचलला की लायनीत दिसत न्हाई. दळून झाला म्हणून कळवलं तर गेला. न्हाई कळवलं तर अर्ध्या तासानं आपोआप परत लायनीत. जे अडकतात ते बाजूच्या लायनीत पडतात. ती लाईन हिच्याकडं, तपासून पुढं ढकलायला.

म्हटलं, मग ढकल की माझा. तिनं चहा एका घोटात संपवला आणि रिकामा कप माझ्या हातात दिला.

गुरुवार, ९ जानेवारी

पोराचा, वीरधवलचा फोन. सुट्टी मंजूर झाली, अठराला येतो. मागितली कवा? दिवाळीला आला न्हाई, आता एकदम कसा? सहज, म्हणाला. फौजेत सहज सुट्टी मिळत न्हाई.

शनिवार, ११ जानेवारी

भोगीच्या बाजरीची गर्दी. सून मला डबा उचलू देईना. ह्यांना, म्हंजे तिच्या आबांना, दोनदा गरम पाणी-मध देऊन गेली. ह्यांचा घसा दिवाळीपास्नं बसलाय, पिठानं. मिरजेत त्या दिवशी डॉक्टरनं ह्यांच्याबी घशातला तुकडा घेतला. हे म्हणाले, एकावर एक फुकट का?

दुपारी तिच्या मागं उभी राहिले. मला इंग्रजी येत न्हाई, पण आकडा येतो. डब्यांवर मीच नंबर टाकते. एका ओळीत पुढचे आकडे झाकलेले, शेवटी ४४७१. माझ्या मोबाईलचा शेवट! तिनं कळ दाबली, ओळ गेली. अर्ध्या तासानं ताक घेऊन गेले. ओळ परत आलेली. तिनं परत उचलली.

दळत न्हाई, देत न्हाई. नुसता डबा उचलून धरती.

म्हंजे वाईट हाय.

रविवार, १२ जानेवारी

घास उतरला न्हाई. गाठ हाताला मोठी लागती.

सोमवार, १३ जानेवारी, भोगी

दार लावून विचारलंच. "४४७१ सोड. मरायचं असंल तर मला आधी कळू दे."

पांढरीफटक पडली. म्हणाली, "आत्या, तुमच्या मोबाईलवर आलेलं कोण वाचतं? दळपाला आलेला कुणीबी. मोठ्यानं. आबांच्या पुढ्यात."

खरं हाय. जो समोर दिसंल त्याच्या हातात मी फोन देते.

मग तिनं कळ दाबली. माझा फोन वाजला. तिनंच वाचून सांगितलं — साधी गाठ, भ्यायचं कारण न्हाई. लय शिव्या दिल्या तिला. मग तीळ लावलेल्या दोन भाकरी खाल्ल्या. मग सुचलं, चांगला होता तर दाबून का ठेवला? चुकलं, म्हणाली. मान वर केली न्हाई.

बुधवार, १५ जानेवारी

कंपनीतनं तिला फोन आलता. एकच निरोप इतक्यांदा का उचलला, विचारत होते. शनिवारी किल्ली बदलणार, ती लाईन दुसऱ्याकडं जाणार. नोकरी राहती का काय, तिला ठाऊक न्हाई.

तवाच पडद्यावर नजर गेली. ४४७१.

माझं तर सुटलंय.

गुरुवार, १६ जानेवारी

मिरजेत दोन्ही कागदांवर मीच नंबर घातला. ह्यांना मोबाईल वापरता येत न्हाई, म्हणून ह्यांच्या नावापुढंबी माझाच. माझा आधी सोडला असता तर मी त्याच दिवशी विचारलं असतं, ह्यांचा कुठाय. वीरधवल अठराला येईस्तवर तिला थोपवून धरायचं होतं.

सकाळी खिडकीतनं बघितलं. हे गिरणीच्या दारातनं एका गिऱ्हाइकाला हाक मारत होते, आवाजच फुटत नव्हता. त्यानं मागं वळूनबी बघितलं न्हाई.

शिवांजलीला सांगितलं — उद्या शुक्रवार, तुजी किल्ली जायच्या आदला दिवस, गिरणी बंद ठेवते. पाचच्या आत सांग ह्यांचं काय आलंय ते. मोबाईलवर न्हाई. तुज्या तोंडून.