आत माया आहे का?

प्रिय मावशी,

पाकीट बघून आधी घाबरली असशील. फोन हातात असताना पोरीने कागद का खराब केला, काही बिनसलं की काय, म्हणून बाबांना हाक मारली असशील; आणि बाबा नेहमीप्रमाणे डोक्यावर चढवलेला चष्मा घरभर शोधत असतील. काही बिनसलेलं नाही. मी ठणठणीत आहे. तुला एक विचारायचं आहे आणि फोनवर विचारायला गेले तर माझा आवाज दगा देईल, म्हणून लिहितेय. पण माझी खोड तुला ठाऊकच आहे, मूळ मुद्द्यावर यायला मला आधी गावाला वळसा घालावा लागतो. तेव्हा खुर्ची ओढ आणि निवांत बस.

आधी बातमी. गेले दहा महिने मी नवं असं काहीही विकत घेतलेलं नाही. हस, पोटभर हस. जिच्या दाराशी दिवसाआड एक खोकं यायचं, जिच्याकडे सामान पोचवणारा माणूस घंटीसुद्धा न वाजवता ‘ताई, आलो’ म्हणायचा, ती मी. माझ्याकडे चार काळे कोट होते आणि त्या चौघांत काय फरक आहे हे मी कुणालाही शपथेवर सांगितलं असतं. मग एका सकाळी ऐन घाईत कपाटातला दांडा मोडला आणि सगळे कपडे अंगावर आले. मी गुडघाभर ढिगाऱ्यात उभी, आणि तोंडातून पहिलं वाक्य काय निघावं? ‘अगं बाई, आता घालू काय!’ स्वतःचंच हसू आलं. मग, खोटं कशाला बोलू, रडूही आलं. त्यातल्या कितीतरी कपड्यांवरची किमतीची चिठ्ठी अजून काढलेली नव्हती. त्या दिवशी ठरवलं, वर्षभर नवं काही नाही. आहे त्यात भागवायचं, आणि अडलंच तर कुणीतरी वापरलेलं घ्यायचं.

पहिले दोन महिने हात नुसते शिवशिवत होते. मग आमच्या कचेरीच्या मागच्या गल्लीत वापरलेल्या वस्तूंचं एक दुकान सापडलं. लांबलचक, गोदामासारखं. आत शिरले तर वास ओळखीचा, धुतलेल्या लोकरीचा आणि जुन्या लाकडाचा. एक स्वेटर आवडला नाही, एक झगा आवडला. तो उचलला आणि काही कळायच्या आत मी तो उलटा केला होता. शिवण बघितली, काखेत बोट घालून ताणली, खालची दुमड उलगडली. गल्ल्यावरची बाई म्हणाली, तुम्ही शिवणकाम करता वाटतं. मी म्हटलं, छे हो, बटण लावायचं तर चार वेळा बोटाला टोचून घेते. पण माझी मावशी इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती आणि तिने मला वळण लावलंय.

आठवतं ना, सुट्टीच्या दिवशी तू मला जुन्या बाजारात न्यायचीस. एकेक कपडा उलटा करायचीस आणि दुकानदाराला विचारायचीस, ‘आत माया आहे का?’ शिवणीत जास्तीचं कापड सोडतात, मूल वाढलं की उसवून कपडा मोठा करता यावा म्हणून, आणि त्याला माया म्हणतात, हे सहा वर्षांच्या पोरीला कुठून कळणार? आई जाऊन वर्ष झालेलं, तू घरात येऊन चार महिने. मला वाटायचं, ही बाई कपड्यात प्रेम आहे की नाही ते तपासून घेते. मी बाबांपाशी रीतसर तक्रार केली होती, की मावशी कपड्यांना माया विचारते, मला एकदाही विचारत नाही. बाबा हसून हसून लाल झाले. तू हसली नाहीस. पण त्यानंतर दर वेळी कपडा उलटा केलास की माझा हात धरून त्या दुमडीत घालायचीस. मोज बघू, किती बोटं? दोन बोटं भरली तर घ्यायचं, नाहीतर पुढे चालायचं. तुझे हात साबणाने कायम खरखरीत असायचे. मला ते मोजणं फार आवडायचं, आणि आवडतंय हे तुला कळू न देण्याची मी भलतीच खबरदारी घ्यायचे.

आता जे लिहायचंय ते लिहून टाकते. निळा कोट. मी अकराची होते. कॉलरच्या आत दुसऱ्याच कुणा मुलीचं नाव दोऱ्याने काढलेलं होतं. तू एकेक टाका उसवलास, पण भोकं राहिली, आणि उजेडात धरलं की नाव वाचता यायचं. वर्गात ते वाचलं गेलं. दिवसभर मला त्या नावाने हाका मारल्या. घरी येऊन मी कोट भिरकावला आणि ओरडले, ‘तुला सगळं वापरलेलंच लागतं! नवरासुद्धा वापरलेलाच केलास!’ बाबांचा घास हातातच राहिला. तू म्हणालीस, ‘हो बाई, पण उलटा करून, नीट बघून घेतलाय हो!’ बाबा हसले, तू हसलीस, गोष्ट हसण्यावारी गेली. घरात ती अजून गंमत म्हणून सांगतात. पण मी तुझ्या पाठोपाठ स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले होते, मावशी. नळ सोडलेला होता आणि तू काहीही धूत नव्हतीस. मी हे कुणालाही सांगितलेलं नाही. माझं चुकलं. सांगायला अठ्ठावीस वर्षं लागली, पण माझं चुकलं.

पुढच्याच आठवड्यात तू नवाकोरा कोट आणलास, खोक्यात, पातळ कागदात गुंडाळलेला. एक हिवाळा मी तो मिरवला. दुसऱ्या हिवाळ्यात बाह्या मनगटाच्या वर गेल्या. तू सवयीने तो उलटा केलास आणि हळहळलीस, ‘यात माया नाही गं.’ मी नाक उडवून निघून गेले. पहिला पगार झाला तेव्हा जी नव्या वस्तूंच्या मागे लागले ती दांडा मोडेपर्यंत. एवढी खोकी मी कुणाला दाखवायला उघडत होते, देव जाणे. त्या वर्गातल्या मुली तर कधीच पांगल्या.

आता दुसरी बातमी. बाबांना लगेच वाचून दाखवू नकोस, ते रस्त्यावर जाऊन सगळ्यांना सांगतील. त्याच दुकानात मागच्या बाजूला एक जण मोडक्या खुर्च्या दुरुस्त करतो. मी एक डगमगणारी खुर्ची घेतली, तिच्या निमित्ताने बोलणं झालं, आणि खुर्ची धड झाली तरी बोलणं काही संपेना. माणूस शांत आहे. खुर्चीवर स्वतः बसून बघितल्याशिवाय ती कुणाला देत नाही. त्याची बायको चार वर्षांपूर्वी वारली. त्याला आठ वर्षांची मुलगी आहे. हो, बरोबर वाचलंस. शेजारणी तुझ्याबद्दल कुजबुजायच्या ना, दुसरेपणावर दिलीय बिचारी. तर तुझी पोरगी आपल्या पायांनी, हसत हसत दुसरेपणावर निघाली आहे.

मागच्या महिन्यात मी त्यांच्या घरी पडदे घेऊन गेले. वापरलेलेच, पण अगदी कोऱ्यासारखे, पिवळेधमक. तिथले जुने पडदे विटलेले होते आणि एकाचं टोक तर काळवंडून गेलं होतं. मी हौसेने ते उतरवले. मुलीने जुने पडदे गोळा केले, छातीशी धरले आणि टेबलाखाली जाऊन बसली. जेवायलाही बाहेर येईना. मग तिच्या वडिलांनी मला हळूच सांगितलं, तिच्या आईला त्या पडद्याच्या टोकाला हात पुसायची सवय होती. मी मुकाट्याने स्टुलावर चढले आणि जुने पडदे परत लावले. एकेक कडी अडकवताना मला आपलं घर दिसायला लागलं.

तू आलीस तेव्हा आपल्या घरात काहीसुद्धा बदललं नाही. टवके उडालेली किटली तीच, कान तुटलेलं पातेलं तेच, आईची इस्त्रीही तीच. तिची तार तू तीनदा बदलून घेतलीस. आईचा फुलाफुलांचा टेबलक्लॉथ विरला तेव्हा तू त्याला ठिगळ लावलंस, टाकला नाहीस. मी तुला मनात चिक्कू म्हणायचे. सव्वीस वर्षांची होतीस तू, मावशी! आजच्या माझ्याहून तेरा वर्षांनी लहान. आपल्या संसारात एक चमचा तरी आपल्या आवडीचा असावा, असं तुला वाटलंच नसेल? वाटलं असणार. तरी तू दुसऱ्या बाईच्या भांड्यांत रांधलंस, तिचे पडदे धुतलेस, आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाहीस, कारण घरातल्या एका मुलीला त्या सगळ्यात तिची आई दिसत होती. माझी आई माझ्यापाशी राहिली ती तुझ्यामुळे राहिली. त्या स्टुलावर उभी राहून मी तुला मनातल्या मनात नमस्कार केला. एवढी मोठी झाले तरी कृतज्ञता म्हणजे काय असतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आणि आता, एकदाची, मुद्द्यावर येते. काल ती मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली आणि तिने विचारलं, तुला आई आहे का? या प्रश्नाला मी पाच वर्षांची असल्यापासून एकच उत्तर देत आलेय. शाळेत, कचेरीत, सगळीकडे. काल तोंडातून निघालं, ‘आहे.’ मीच दचकले. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. ती म्हणाली, मग तिला आपल्याकडे जेवायला बोलव. लगेच वही काढली, पेन्सिलीला टोक केलं, वर मोठ्या अक्षरांत ‘हिची आई’ असं लिहिलं आणि विचारलं, तिला काय आवडतं? तेहतीस वर्षं, मावशी! बाबांना काय आवडतं ते मी झोपेत सांगेन, माझ्या आवडीनिवडी तर तुला पाठ. तुझं मात्र मला काही म्हणजे काही माहीत नाही. कुठली भाजी, कुठलं फूल, कुठला रंग. कधी विचारलंच तर तू म्हणायचीस, मला काहीही चालतं, आणि मी ते खरं मानून मोकळी व्हायचे. मी तिला म्हटलं, विचारून सांगते. ती वही उघडी ठेवून बसली आहे आणि ‘काहीही चालतं’ असं लिहून घेणार नाही म्हणून तिने बजावलंय. तेव्हा बाबांना न विचारता, आमची कुणाची सोय न बघता, खरंखरं लिहून कळव. आई, तुला काय आवडतं?

तुझीच,
लेक