तुझं लिव्हर ठेव तुझ्यापाशी

धाकट्या,

डॉक्टरांनी मला देण्यासाठी तुझ्या लिव्हरचा तुकडा मागितला, तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस. अरे, मी काय सुरी घेऊन दारात येणार होते? आता घाबरू नकोस. कुणा परक्याच्या लिव्हरच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्यात. बशीत सायीसारखा पातळ थर दिसतो. शुक्रवारी त्या पेशी नळीनं माझ्या पोटात सोडतील. रुजल्या तर जगेन.

नर्स रोज विचारते, "मावशी, सोबत कोण?" मी सांगते, "भाऊ निघालाय." तुझ्यापायी खोटं बोलायला लागले.

मला तुझं काही नको. नुसता शेजारी येऊन बस. तुला लिहिलेली मागची पत्रं पोस्टात न टाकता उशीखालीच ठेवलीत, हेही तिथंच जाईल. तरी गुरुवारच्या आत मला उत्तर पाहिजे.

तुझी ताई