दारात ठेवलेली खळ

जागेश्वर,

मुन्नीले घेऊन पुष्पा अन् मी मोठ्या दवाखान्यात चाललो. पोरीचा हात कोपरापर्यंत पोळला.

"मी पाहतो पोरीले" म्हणून तू पुष्पाले नळावर पाठवलं, सुताच्या खळीचं उकळतं भांडं निवाले दारात भुईवर ठेवलं अन् पानठेल्यावर जाऊन बसला! रांगतं लेकरू भांड्याकडं जाईल, हे तुले कळू नये काय गा?

महिला मंडळात मी मायांले हेच शिकवते, तवा तू दात काढत होता. पुढच्या वर्गाले आता तूच येऊन बस.

सांडलेली खळ मी पुसली नाही. ती तूच पूस.

सारी गल्ली पुष्पालेच विचारून राहिली, "माय कुठं होती?" बाप कुठं होता, ते दवाखान्यात येऊन तू सांग.

— अनुसयाताई