लाल टोपीचा अमेरिकन

प्रिय कोसाकूभाऊजी,

हे गेल्याच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या पूजेला तुम्ही याल, असं धरून चालले आहे. त्याआधी तुम्हाला एक सांगायचं आहे, म्हणून लिहिते.

यांची खोली काल आवरली. दवाखान्यात तुम्ही आलात की तुम्ही दोघं म्हातारे पुन्हा शाळकरी पोरं व्हायचात. कोकुराच्या मैदानावर अमेरिकन बेसबॉल संघ भर पावसात खेळला, तो दिवस इतक्यांदा ऐकलाय की मीच तिथे चिखलात उभी होते असं वाटतं. "तो लाल टोपीवाला छत्री धरून चेंडू अडवत होता," हे म्हणायचे. त्यावर तुम्ही, "अडवतोय कसला! आणि तुला काय दिसलं रे? तू तर माझ्या दादाच्या खांद्यावर चढायला रडत होतास, मेणचोरा!" मेणचोर म्हणजे काय, तेही तेव्हाच कळलं. त्या खेळाडूंची चित्रं छापलेले मेन्को, म्हणजे आपटून खेळायचे पुठ्ठ्याचे पत्ते, खाऊच्या दुकानात आले, तेव्हा हे आपल्या पुठ्ठ्याला मेण फासून जड करायचे, आणि आपटून तुमचे सगळे उलटवून जिंकायचे.

शेवटच्या भेटीत तुम्ही तुमच्या शिन्किचीदादांचा मेन्को आणलात, त्याच लाल टोपीवाल्याचा. एकदाही न आपटलेला, कोपरे तसेच टोकदार. "बरा झालास की परत दे. मेण लावायचं नाही हं!" तुम्ही गेल्यावर हे मला म्हणाले, "दादा युद्धावरून आलाच नाही. त्याच्या नावाने अस्थींची पेटी आली, तीही रिकामी. शत्रूची चित्रं जाळायला लावली, तेव्हा कोसाकूच्या आईने हे तांदळात लपवलं. मला काही झालं तर आधी हे त्याच्याकडे पोचव."

आमच्या नोबुहिकोला यातलं काही माहीत नव्हतं. शेवटचे दिवस बाबांच्या हातात तो मेन्को बघत होता, म्हणून शवपेटीत फुलं ठेवताना त्याने तो यांच्या छातीवर ठेवला. "बाबांचा जीव होता यावर, बरोबर जाऊ दे." सगळे रडत होते. मी उशाशीच होते. नुसता हात पुढे करायचा होता. पण एवढ्या नातेवाइकांसमोर पेटीतून वस्तू परत उचलायची? मुलाला काय वाटेल? मी मान वर केली, तर तुम्ही माझ्याकडेच बघत होतात. मग तुम्ही पुढे झालात, पांढरी शेवंती नेमकी त्या लाल टोपीवर ठेवलीत आणि म्हणालात, "चांगलं केलंस, पोरा." झाकण लागलं आणि पेटी दहनाला गेली.

तुम्हाला वाटलं असेल, वहिनीला ठाऊक नाही. मला ठाऊक होतं, भाऊजी. युद्धातल्या जाळपोळीतून तुमच्या आईने वाचवलेलं मी माझ्या भिडेपोटी जाळू दिलं. पूजेच्या दिवशी त्याच नातेवाइकांसमोर, नोबुहिकोसमोर, मी हे सांगणार आहे. तेव्हा तुम्ही मधे बोलून मला सावरून घ्याल, हीच भीती वाटते. म्हणून हे पत्र. या वेळी त्यावर फूल ठेवू नका.

तुमचीच वहिनी,
मित्सुए