इशबेलच्या पंपाची तार

वायकाया खोरं, मंगळवार

प्रिय टूरोआ यास,

वडीलकीचा मान आणि दोस्तीचा नमस्कार. पर्थला लेकीकडे तुझे गुडघे बरे झाले असतील (तिथे चिखल नाही, मग त्यांना कुरकुरायला कारण काय?). इकडे सगळे ठणठणीत. हेलिकॉप्टरही ठणठणीत, म्हणजे जवळजवळ.

तुझ्या जागी माझ्या हेलिकॉप्टरची फवारणीची टाकी भरायला कर्स्टी नावाची बाई आली आहे. औषध चोख कालवते, पण तुझी सर नाही. बावीस वर्षं तू मला प्रत्येक शेतावर आधी चहा पाजलास आणि तिथली एकूण एक विजेची तार तोंडपाठ म्हणायला लावलीस. एक जरी चुकली तरी टाकीला नळी लावायचा नाहीस. मी तुला मास्तर म्हणून चिडवायचो. त्या सकाळी आठवल्या की अजून गलबलून येतं रे. कर्स्टीकडे नकाशाचं यंत्र आहे, त्यात तारा लाल दिसतात. तेव्हा पाठांतराची आता गरज नाही, असं मीच तिला ऐटीत सांगितलं.

शुक्रवारी इशबेल मॅकअँड्र्यूच्या घळीत काटेरी झुडपांवर औषध मारायला गेलो. (नवरा गेल्यापासून आठशे मेंढ्या एकटी सांभाळते, आणि तिच्यासारखे चीज-रोल, चीज भरून भाजलेल्या पावाच्या गुंडाळ्या, खोऱ्यात कुणाला जमत नाहीत.) तीन फेऱ्या घळीवरच्या तारेखालून अगदी झोकात मारल्या. चौथीला तिच्या धुराड्यातून धूर दिसला आणि माझं मन, खोटं कशाला बोलू, रोलवर गेलं. खाडकन त्याच तारेवर आदळलो. हेलिकॉप्टरच्या नाकावर बसवलेल्या कात्रीने तार तोडली म्हणून वाचलो. उतरलो तो थेट मेंढ्यांत. म्हणायला नकाशात ती तार नव्हतीच, कारण तिच्या पाण्याच्या पंपासाठी ती खाजगीत ओढलेली. ओढणारे कोण, तर नऊ वर्षांपूर्वी तू आणि मी! खांब तू रोवलेस, शहाणपण मी शिकवलं.

इशबेल सावकाश चालत आली. "पंप बंद पाडलास. आता मेंढ्यांना पाणी तूच वाहायचं," म्हणाली. मग घरात नेऊन रोलची बशी पुढे ठेवली. चार खाल्ले, पण चव एकाचीही आठवत नाही.

बाकी सर्व क्षेम.

तुझा,
लॅक्लन

ता. क. घरी एल्स्पेथला सांगितलंय की हेलिकॉप्टरला फांदी लागली. बायकोच ती, तिचा विश्वास बसलेला नाही.

आणखी ता. क. रविवारी ती तुला फोन करून विचारणार आहे, हा अजून हेलिकॉप्टर उडवण्याजोगा आहे का. इतकी वर्षं तू 'आहे' म्हणत आलास. या वेळी 'नाही' म्हण. मला थांबायचंय, पण माझ्या तोंडून ते निघत नाही, आणि तुझ्याखेरीज दुसऱ्या कुणाचं मी ऐकणार नाही.